चाफेबागेचा कोपरा

"मग किती जवळ जायला पाहिजे होतं मी? तेवढं एकदा सांगा, मामा."

मामा शेंगा फोडत होते.

"हात लावता आला असता इतका जवळ होतो. कोल्हापुरात दुसरा रेफरी दाखवा असा पळणारा. बॉल जिथं, तिथं मी. शेवटच्या मिनिटालासुद्धा!"

"व्हय. पळतोस झकास."

"मग?"

"मग काय गा? शेंगा खा."

धैर्यशीलनं शेंगा घेतल्या नाहीत. मी घेतल्या. माझं काही बिघडलं नव्हतं.

दुपारची वेळ. रिकामं स्टेडियम. गॅलरीच्या पायऱ्या तापलेल्या, आणि आम्ही तिघं छपराच्या सावलीत. आदल्या दिवशी याच जागेवर मुंगी शिरली नसती एवढी गर्दी होती. आता कालच्या भडंगाचे कागद तेवढे उडत होते.

मी टिपुगडे. उद्यमनगरात लेथवर पोट भरतो आणि मॅच असली की मैदानाच्या कडेनं झेंडा घेऊन पळतो. पळतो म्हणायचं आपलं. पोट पुढं पळतं, मी मागनं जातो.

मामा म्हणजे दस्तगीर मुजावर. आयुष्यभर शिट्टी वाजवली. आमच्या गावात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा, प्रत्येक तालमीची आपली टीम. इथं पोरगं जन्मतं तेच एका तालमीचं म्हणून. अशा गावात मामांना कुठलीच तालीम नव्हती. होती कधीतरी, पण ज्या दिवशी शिट्टी घेतली त्या दिवशी त्यांनी तिथला कट्टा सोडला. ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा व्हायचा, पण कुठल्या तालमीचं माणूस जायचं नाही. तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मामी होत्या तोवर दोघं खायचे. आता मामा करतच नाहीत.

आणि हा धैर्यशील इंगवले. मामांचा पट्टशिष्य. शिकलेला, तब्येतीनं खणखणीत, आणि नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

काल सेमीफायनल होती. चाफेबाग तालीम विरुद्ध तोफखाना तालीम.

आता घोटाळा बघा. धैर्यशील स्वतः चाफेबागेचा. आपल्या पेठेची मॅच आपण घ्यायची नाही, हा इथला शिरस्ता. पण ठरलेला रेफरी तापानं फणफणला. दोन्ही तालमींचे मॅनेजर म्हणाले, धैर्यशील चालेल. धैर्यशीलनं नको म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "मी पेठ कधीच मागं टाकलीय. बघाच तुम्ही."

आम्ही बघितलं.

एक-एक बरोबरी. दुसरा हाफ. बॉल चाफेबागेच्या लोकांसमोरच्या कोपऱ्यात गेला. चाफेबागेचा ओंकार सुतार बॉल अडवून उभा, अंगावर तोफखान्याचे दोघं. धक्काबुक्की. एकदम तोफखान्याचा एक पोरगा तोंड धरून खाली. दात गेले. धैर्यशीलनं शिट्टी मारली आणि ओंकारला लाल कार्ड दाखवलं. कोपर मारलं म्हणून.

चाफेबागेची गॅलरी नुसती पेटली. पाण्याच्या बाटल्या, चपला, शिव्या. चाफेबाग दहा जणांवर खेळली आणि हरली.

आज संध्याकाळी शिस्त समितीची बैठक होती. दात पाडले म्हणजे साधी गोष्ट नाही, वर्षभराची बंदी. ओंकारला बाहेरगावच्या मोठ्या क्लबनं चाचणीला बोलावलं होतं. बंदी लागली की तो दरवाजा बंद. सुताराचं पोर, बाप नाही, असा दरवाजा परत कोण उघडतंय? सगळं धैर्यशीलच्या एका शब्दावर होतं.

आणि रविवारची फायनल धैर्यशीलला मिळाली होती. त्याची पहिली.

"मामा, समितीसमोर तुम्ही एवढंच सांगा," तो म्हणाला, "की मी जवळ होतो. तुमचा शब्द कोण मोडणार नाही."

"जवळ व्हतास."

"मग सांगाल?"

मामांनी टरफलं कागदात गुंडाळली.

"बूट आणलेत न्हवं?"

"आणलेत."

"घाल."

"आता? या उन्हात?"

"काल उन्हात न्हवतास का? घाल आणि आत जा. टिपुगडे, तू तुझ्या रेघेवर."

मी म्हणालो, "मामा, माझं जेवण झालंय आत्ताच."

"मग हळू पळ."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला?

ज्यांना फुटबॉलचं वावडं आहे त्यांच्यासाठी सांगतो. रेफरी मैदानभर मोकाट पळत नसतो. एका कोपऱ्याकडनं निघायचं आणि तिरकं समोरच्या कोपऱ्याकडं जायचं, अशी त्याची वाट असते. आम्ही तिला डायगोनल म्हणतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांकडं आम्ही दोघं लाइन्समन, कडेच्या रेघेवर, अर्ध्या अर्ध्या मैदानात. म्हणजे खेळ कायम रेफरी आणि लाइन्समन यांच्या मधोमध राहतो. एका अंगानं तो बघतो, दुसऱ्या अंगानं आम्ही.

यात एक गोम आहे. रेफरीच्या वाटेची जी दोन टोकं, त्या कोपऱ्यांजवळ लाइन्समन नसतो. तिथं काय झालं तर रेफरीनंच बघायचं. झेंडा वर करायला कोणी नाही, मान हलवायला कोणी नाही. चाफेबागेचे लोक बसतात तो कोपरा त्यातला. मी त्याच अर्ध्यात, पण पार पलीकडच्या कडेला. तिथं कुणाचा हात कुठं, ते मला दिसायचं तर दुर्बीणच पाहिजे.

मामा वरनं ओरडू लागले. हातात कागद नाही, काही नाही. कालची मॅच म्हाताऱ्याच्या डोक्यात तशीच्या तशी होती.

"सेंटर! तोफखान्याचा उजवा! लांब पास! गोलकीपरनं धरला! मारला लांब!"

बॉल नाही, खेळाडू नाहीत. रिकाम्या मैदानात धैर्यशील एकटा पळतोय आणि कडेनं मी. बाहेरच्या रस्त्यावरनं कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, दोघांना ऊन लागलंय.

पण पळत होता बरं का देखणा. मान वर, डोळे बॉल असेल तिकडं, वाट बरोबर तिरकी. मला अभिमान वाटला त्याचा, खोटं कशाला बोलू.

"चाफेबागेचा कोपरा!"

धैर्यशील पळाला. अर्ध्या वाटेवर जरासा आत वळला आणि मधल्या अंगानं कोपऱ्याकडं गेला.

"बॉल बाहेर! थ्रो! तोफखान्याचा कोपरा!"

तो उलटा पळाला. थेट, सरळ, कोपऱ्यापर्यंत.

"परत लांब! चाफेबागेचा कोपरा!"

पुन्हा तसंच. अर्ध्या वाटेवर आत वळला.

मला पलीकडच्या रेघेवरनंही ते दिसलं. तोफखान्याकडं सरळ, चाफेबागेकडं वाकडा. माझं मन खट्टू झालं.

"चाफेबागेचा कोपरा!" मामा ओरडले.

तो परत आला आणि परत गेला.

"चाफेबागेचा कोपरा!"

आता मामा दुसरं काही बोलतच नव्हते. आवाजात राग नव्हता. भाजीवाला ओरडतो तसे एका सुरात ओरडत होते. चाफेबागेचा कोपरा. चाफेबागेचा कोपरा...

धैर्यशील थांबला. गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मग मागं वळून आपण आलो ती वाट त्यानं बघितली.

बराच वेळ बघितली.

"हितंच व्हतास काल?" मामांनी विचारलं.

"...हो."

"थांब तिथंच."

मामा गॅलरी उतरून खाली आले. गुडघे दुखतात त्यांचे, एकेक पायरी बसून उतरतात. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि खूण म्हणून धैर्यशीलच्या पायाशी टाकला.

"जवळच हाईस की रं," ते म्हणाले.

धैर्यशील घाम पुसत राहिला. मग एकदम म्हणाला, "चुकलं. वाट चुकली माझी. कबूल. सुधारतो. रविवारी डायगोनलच फिरवून घेतो, नियमात बसतं. मी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत पळेन. या कोपऱ्यात टिपुगडे राहतील."

हे मात्र खरं. वाट फिरवायला नियमाची आडकाठी नाही.

"झ्याक," मामा म्हणाले. "टिपुगडे, चालंल न्हवं?"

"मला कुठलाही कोपरा सारखाच, मामा. शिव्या सगळीकडं मिळतात."

"बरं. आणि आबा कुणाकडं बघत बसतील? टिपुगड्याकडं?"

धैर्यशीलचा हात कपाळावरच राहिला.

आबा म्हणजे दिनकरराव इंगवले. धैर्यशीलचे वडील. त्यांच्या वेळी चाफेबागेची जर्सी त्यांनी अशी काही घातली की आजही तालमीत त्यांचं नाव निघालं की बसलेली पोरं उठून उभी राहतात. पोरानंही तीच घातली होती. मग एके दिवशी पोरगं शिट्टी घेऊन घरी आलं. त्या दिवसापासून आबा त्याच्याशी बोलले नाहीत. आधी एका ताटावरनं उठले, मग पोरगं घरातनंच उठलं. धैर्यशीलनं पेठेबाहेर खोली घेतली. तालमीच्या भंडाऱ्याला त्याला बोलावणं नाही. पेठेत चहा प्यायचा नाही, असं त्यानंही ठरवून टाकलं. कोणी म्हणायला नको, आपल्या माणसांचा पक्ष घेतला.

"आबांचा इथं काय संबंध?" तो म्हणाला.

"न्हाई?"

"रविवारी चाफेबाग खेळतच नाही. आबा कशाला येतील?"

मामा माझ्याकडं वळले.

"टिपुगडे, मागच्या बुधवारी ह्येची मॅच व्हती. कुणाकुणाची?"

"दोन्ही टीम उपनगरातल्या, मामा. काळं कुत्रं नव्हतं बघायला."

"आबा?"

मला ते सांगायचं नव्हतं. बाप-लेकाच्या मधे तोंड घालू नये. पण मामांनी नजर काढली नाही.

"होते," मी म्हणालो. "इथंच. याच कोपऱ्यात, त्या तिसऱ्या पायरीवर. पूर्ण मॅच."

"त्याच्या आधी?"

"असतात मामा. धैर्यशीलची शिट्टी असली की असतात. दुसऱ्याची असली की नाही येत."

धैर्यशीलनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार.

"खोटं."

"मी कशाला खोटं बोलू? कडेनं पळतो मी. गॅलरीतलं माणूसनमाणूस दिसतं मला."

"मग मला कसे दिसले नाहीत? रिकाम्या गॅलरीत एक माणूस बसलेला मला दिसत नाही?"

मी त्या तिसऱ्या पायरीकडं बघत राहिलो.

...

मग मामांनी गॅलरीकडं बोट केलं.

"जा. आबांच्या जागंवर बस."

"मामा..."

"बस म्हंतो न्हवं!"

तो गेला. तिसऱ्या पायरीवर बसला. आधी जरा बाजूला बसला, मग सरकून नेमक्या जागेवर आला. पायरी चांगली चटका देत असणार, पण तो उठला नाही.

मामांनी मला कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ उभं केलं. "तू ओंकार. तुज्या अंगावर दोन माणसं हाईत असं समज."

"मी एकटाच तिघांएवढा आहे, मामा."

"म्हणून तर घेतला तुला."

आणि स्वतः मामा चालत चालत आत गेले. रुमाल पडला होता तिथं. त्यावर दोन्ही पाय ठेवले आणि कोपऱ्याकडं तोंड करून उभे राहिले. उघड्या डोक्यावर ऊन. सत्तरीच्या पुढचं माणूस, काठीशिवाय.

"दिसालोय का मी?" मामा ओरडले.

धैर्यशील मान वाकवून इकडंतिकडं बघत होता.

"धैर्यशील! मी दिसालोय का?"

"...नाही."

"काय दिसतंय?"

"टिपुगडे."

"आणि?"

"आणि काही नाही. टिपुगड्यांच्या मागं आहात तुम्ही."

मामा उभेच राहिले. मीही हललो नाही. मान आखडली माझी. मैदानावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काल याच ठिकाणी आईबहिणीवरनं शिव्या ऐकल्या होत्या, आणि खरं सांगतो, त्या परवडल्या.

मग मामा निघाले. पुढं नाही. कोपऱ्याच्या जवळ नाही. बाजूला, कडेच्या रेघेकडं. दुखऱ्या गुडघ्यानं एक पाऊल, मग एक. कोपऱ्यापासनं उलट जरा लांबच गेले. माझ्या आडनं बाहेर आले, गॅलरीच्या अगदी समोर, उघड्यावर.

"आता?"

"...दिसता."

"मलाबी आता तू दिसालायस," मामा म्हणाले.

तिथनं त्यांना धैर्यशील दिसत होता. आणि मीही दिसत होतो, पुढनं मागनं, हातपायांसकट. माझ्या आणि झेंड्याच्या मधली फट दिसत होती. काल त्या फटीत कुणाचा हात कुठं होता, ते तिथनं दिसलं असतं.

धैर्यशीलनं तोंड ओंजळीत घातलं.

मी झेंड्याजवळनं हललो. मामांचा रुमाल उचलला, झटकला आणि त्यांच्या डोक्यावर टाकला.

आम्ही वर गेलो तेव्हा धैर्यशील तसाच बसलेला. डोळे लाल.

"तुम्ही काल वर होता," तो मामांना म्हणाला. "त्या छपराखाली. तुम्ही बघितलं असेल. ओंकारनं मारलं का?"

"मी गॅलरीतला माणूस."

"तरी पण."

"गॅलरीला कुणी शिट्टी दिल्याली न्हाई."

"मामा, पाया पडतो. एकदा सांगा. मारलं का नाही मारलं?"

मामा त्याच्या शेजारी बसले.

"तू काय बघितलंस?"

"कोपर वर गेलं."

"कुणाचं?"

धैर्यशील बुटाची नाडी ओढू लागला.

"कुणाचं रं?"

"पाठी होत्या नुसत्या. तिघांच्या पाठी. त्यातनं एक कोपर वर गेलं. ओंकारचं असणार असं वाटलं. आणि..."

"आणि?"

"आणि वाटलं, ओंकारला कार्ड दिलं म्हणजे कोणी म्हणणार नाही की पेठेचा माणूस आहे."

हे त्यानं इतक्या हळू सांगितलं की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. आपल्या पेठेला झुकतं माप देणारे रेफरी मी बघितलेत. आपण झुकत नाही हे दाखवण्यासाठी आपल्याच पोराचा बळी देणारा पहिल्यांदा बघत होतो. आणि काय सांगावं, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

"मी पेठ सोडली, मामा," तो म्हणाला. "घर सोडलं. आबा सोडले. एवढं करून..."

मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला वाटत होतं ठेवावा.

"संध्याकाळी काय सांगू आत?" त्यानं विचारलं.

"मला काय इचारतोस? शिट्टी तुज्याजवळ व्हती."

संध्याकाळी गॅलरीखालच्या ऑफिसात बैठक बसली. पाच जण टेबलापलीकडं. अलीकडं धैर्यशील आणि मी. लाइन्समन म्हणून मलाही बोलावलं होतं. ओंकार भिंतीला टेकून उभा, तालमीच्या मॅनेजरच्या मागं. पोरगं रात्रभर झोपलेलं दिसत नव्हतं. दारात आणि खिडक्यांत दोन्ही पेठांची माणसं. मामा आत आले नाहीत. बाहेर रस्त्याकडच्या कट्ट्यावर बसले.

सचिवांनी विचारलं, "इंगवले, खेळाडूनं हेतुपुरस्सर कोपर मारलं हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

धैर्यशील उभा राहिला.

मी मनात म्हणालो, आता हा अडखळणार. खोकणार, घोटभर पाणी पिणार.

"नाही," तो म्हणाला. "मी पाहिलं नाही. मी चुकीच्या जागी उभा होतो. अंदाजानं कार्ड दिलं."

खिडकीतला गलका एकदम थांबला.

"जवळ होता, असं तुम्ही काल म्हणाला होता."

"जवळ होतो. दिसत नव्हतं."

पाचही जण एकमेकांकडं बघू लागले. पुढची बोलणी झटपट झाली. ओंकारवरची कारवाई मागं. निकाल मात्र तसाच, झालेली मॅच परत होत नाही. रविवारच्या फायनलला दुसरा रेफरी. आणि इंगवले यांना पुढच्या मोसमाचं नंतर कळवू.

"समजलं," धैर्यशील म्हणाला. नमस्कार करून बाहेर पडला. मी त्याच्या मागनं.

ओंकार आमच्या पुढ्यात होता. त्यानं मान फिरवली. त्याचं तरी काय चुकलं? काल भर मैदानात हजारो माणसांपुढं त्याला बाहेर हाकललं होतं.

बाहेर तर आणखी मज्जा.

"मग आमची मॅच परत द्या की!" चाफेबागेचा एक जण ओरडला. "तुझ्यामुळं हरलोय आम्ही! पेठेला काळिमा फासलास!"

"पेठेला भ्याला!" तोफखान्याचे दुसऱ्या बाजूनं. "आबानं कान पिळला असणार! आमच्या पोराचे दात काय उंदरानं नेले?"

एवढ्या वर्षांत या दोन पेठांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. दोन्हीकडनं शिव्या सारख्याच येत होत्या.

कुणीतरी मातीचं ढेकूळ मारलं. धैर्यशीलच्या खांद्यावर फुटलं. तो थांबला नाही, पळालाही नाही. गर्दीच्या मधनं चालत राहिला. मी बाजूनं चालायला गेलो, तर त्यानं हातानं मला मागं सारलं. "तुम्ही नका येऊ, टिपुगडे. तुम्हाला या गावात राहायचंय," म्हणाला. मला वाईट वाटलं. आणि जरा बरंही वाटलं.

रस्त्याच्या पलीकडं आबा उभे होते. स्कूटरला टेकून, टोपी हातात. खिडकीजवळच्या गर्दीत होते की नव्हते, मला माहीत नाही. पण काय झालं ते त्यांना कळलं होतं, एवढं चेहऱ्यावरनं दिसत होतं.

धैर्यशील रस्त्याच्या अलीकडं थांबला.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मधनं एक उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या लावलेला, जाता जाईना. तो जाईपर्यंत दोघंही हलले नाहीत. मी देवाला म्हणालो, जाऊ दे, आज तरी यातल्या एकाला रस्ता ओलांडू दे.

आबांनी टोपी घातली. स्कूटर सुरू केली. आणि गेले.

हळूहळू माणसंही पांगली. शिव्यांनाही भूक लागते. फायनलची चर्चा करत, चहाच्या गाड्यांकडं, आपापल्या पेठेकडं. ओंकारला कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं.

कट्ट्यावर मामा. मी जरा अंतरावर उभा. धैर्यशील आला आणि मामांपुढं उभा राहिला. खांद्यावरची माती त्यानं झटकली नव्हती.

"ओंकार सुटला," तो म्हणाला.

"कळलं."

"फायनल गेली."

"कळलं."

"पेठ तर आधीच गेली होती. आता मैदान पण गेलं. आबासुद्धा आले नाहीत हो, मामा. एक रस्ता होता मधे. तुम्हीच सांगा, आता माझ्या बाजूला कोण आहे?"

मामा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

...

"कोण न्हाई," मामा म्हणाले. "आता तुला नीट दिसंल."